जुन्या वास्तूच्या फरशीखालच्या हीटिंगसाठी उरलेला माल: काय चालतं, काय नाही

‘१२० चौरस मीटरसाठी अंडरफ्लोअर हीटिंगचा पूर्ण संच. न वापरलेला. काम रद्द झाल्याने त्वरित विकणे.’ अंडरफ्लोअर हीटिंग म्हणजे फरशीखालून कोमट पाणी फिरवून किंवा विजेची तार तापवून खोली उबदार करणं. थंड प्रदेशांत अशा जाहिराती कायम दिसतात. जुन्या प्रार्थनास्थळाचं किंवा दगडी ग्रंथालयाचं जतन करणाऱ्यांच्या हाती पैसा नेहमीच तुटपुंजा असतो. त्यामुळे ही जाहिरात वाचली की मोह होतो. नळ्या नव्याच आहेत, किंमत कमी आहे, शिवाय वाया जाणारा माल सत्कारणी लागणार. मग अडचण काय?

अडचण मालाची कमी आणि क्रमाची जास्त आहे. आधी संच घेतला आणि मग फरशी त्याला जुळवून घ्यायला लागलो, की आधी कळस मग पाया असा प्रकार होतो. शिवाय संचातल्या सगळ्या वस्तू एका तराजूत तोलता येत नाहीत. काही वस्तू कायमच्या फरशीखाली गाडल्या जातात, काही भिंतीवरच्या कपाटात हाताशी राहतात. हा फरक लक्षात ठेवला की बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

फरशी तापते म्हणजे काय होतं

कल्पना नवी नाही. रोमन स्नानगृहांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे आणि भट्टीतली गरम हवा तिच्या खालून खेळवली जाई. कोरियातल्या ‘ओन्दोल’मध्ये चुलीचा धूर जमिनीखालच्या मार्गांतून जातो. आज धुराच्या जागी कोमट पाणी आलं आहे. १६ किंवा २० मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळ्या फरशीखाली नागमोडी किंवा चक्राकार पसरतात आणि त्यांतून साधारण ३५ ते ४५ अंश सेल्सिअसचं पाणी फिरवतात. भिंतीवरच्या रेडिएटरला बहुधा ६० ते ८० अंशांचं पाणी लागतं. फरशीचं क्षेत्रफळ मोठं असल्यामुळे तिला कोमट पाणी पुरतं, आणि म्हणूनच ती उष्मापंपाबरोबर, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्राबरोबर, छान जुळते.

नळीच्या प्रत्येक अखंड फेऱ्याला ‘सर्किट’ म्हणतात. सगळी सर्किटं ज्या पितळी, स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या दांडीला येऊन मिळतात, तिला ‘मॅनिफोल्ड’. एवढे दोन शब्द पुढे लागतील.

युरोपीय मानक ईएन १२६४ प्रमाणे माणसांच्या नेहमीच्या वावराच्या जागी फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांपेक्षा गरम नसावा. खिडकीलगतच्या किंवा बाहेरच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात ३५ अंश चालतात. खोली २० अंशांवर ठेवायची असेल तर फरशी आणि हवा यांत जास्तीत जास्त ९ अंशांचा फरक मिळतो, आणि तेवढ्या फरकात एक चौरस मीटर फरशी सुमारे १०० वॉट उष्णता देते. फरक ५ अंशांवर आला की हाच आकडा ५२ च्या आसपास उतरतो. फरशी २९ अंशांवर थांबवली की ही कमाल मर्यादा आपोआप येते. जास्त नळ्या घालून ती ओलांडता येत नाही. उंच छत, एकपदरी काच आणि उघड्या दगडी भिंती असलेल्या दालनातून चौरस मीटरमागे १५० वॉट बाहेर जात असतील, तर जगातला कुठलाही संच, नवा असो वा उरलेला, एकटा ते दालन उबदार करू शकणार नाही. म्हणून जाहिरात पाहण्याआधी दालनाची उष्णता कुठून किती गळते याचा हिशेब हातात हवा.

‘शिल्लक’ कशाला म्हणायचं

शिल्लक माल म्हणजे नवा, न बसवलेला माल. रद्द झालेली कामं, बदललेले आराखडे, मोठ्या गुंडाळ्यांची उरलेली शेपटं, वितरकाने बंद केलेली मॉडेलं, खोकं फाटलेला पण आतून शाबूत असलेला माल. मोठ्या कामांत थोडं जास्तीचं मागवलंच जातं, कारण एक सर्किट कमी पडलं तर कोबा ओतणाऱ्यांची पूर्ण फळी ताटकळते.

उपसून काढलेला माल ही वेगळी जात. कोब्यात गाडलेली नळी अखंड बाहेर काढताच येत नाही. जी निघते, ती ओरखडलेली आणि ताणलेली असते. लाकडी फरशीखालून निघालेली नळी वरून बरी दिसते, पण ती किती वर्षं किती तापमानावर चालली याचा पत्ता नसतो. अशी नळी पुन्हा गाडायची नाही. इथे अपवाद शोधत बसू नये.

गाडलेलं आणि हाताशी असलेलं

मॅनिफोल्डवरचा व्हॉल्व्ह बिघडला तर पान्याने अर्ध्या तासात बदलता येतो. नळी बिघडली तर तीनशे वर्षांपूर्वीच्या लाद्या उचलाव्या लागतात. त्या पहिल्यांदा उचलतानाच काही तडकलेल्या असतात. दुसऱ्यांदा उचलणं म्हणजे जतनाच्या नावाखाली केलेली मोडतोड.

म्हणून नळी, विजेची तापतार, फरशीतला सेन्सर, उष्णतारोधक थर आणि त्यावरचा कोबा या गाडल्या जाणाऱ्या वस्तू पूर्ण वंशावळीसह हव्यात: निर्माता, बॅच, तारीख, मानक, साठवण. एक दुवा नसेल तर माल फुकट मिळाला तरी घेऊ नये. मॅनिफोल्ड, पंप, मिश्रण-व्हॉल्व्ह (गरम पाण्यात परतीचं पाणी मिसळून तापमान उतरवणारा), थर्मोस्टॅट, कपाट, नळी अडकवायचे क्लिप यांत मात्र शिल्लक माल मोकळ्या मनाने शोधावा. खरी बचत इथेच आहे. गंमत म्हणजे बाजारात चढाओढ नेमकी नळीच्या गुंडाळ्यांसाठी चालते.

जुनी इमारत ओल कशी हाताळते

नवी इमारत रेनकोट घालते: खाली प्लास्टिकचा कागद, वर काँक्रीट, पाणी बाहेरच अडवायचं. जुनी दगड-चुन्याची इमारत सुती कापडासारखी वागते. जमिनीतली ओल थोडी थोडी शोषते आणि फरशीतून, भिंतीतून उडवून टाकते. अशा इमारतीच्या पूर्ण फरशीखाली प्लास्टिक अंथरलं की फरशीतून उडणारं पाणी नाहीसं होत नाही. ते वाट बदलून भिंतींच्या पायथ्याकडे जातं. एक-दोन वर्षांत भिंतीला लोणा धरतो, चुन्याचा गिलावा पोपडे सोडतो, आणि लोक हीटिंगला दोष देतात.

फरशी तापवल्यावर आणखी एक गोष्ट होते. पृष्ठभागावरून पाणी लवकर उडतं, त्याच्यासोबत आलेले क्षार मात्र तिथेच राहतात. साधं मीठ घ्या. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते विरघळतं, खाली आली की त्याचे स्फटिक बनतात. ही ये-जा दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शेकडो वेळा झाली की दगडाचा वरचा थर भुगा होऊन पडतो. म्हणून लाद्या क्षारांनी भरलेल्या असतील तर हीटिंगच्या आधी क्षारतज्ज्ञाचा अहवाल हवा.

यावर जतनकर्त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे चुन्याची श्वास घेणारी जमीन. सर्वांत खाली पाणी झिरपू देणारं जाड कापड, त्यावर दाबून बसवलेली फोम-काचेची (फेसासारख्या हलक्या काचेची) खडी १५० ते २०० मिलिमीटर, पुन्हा कापड, त्यावर हायड्रॉलिक लाइम, म्हणजे पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना, आणि हलकी खडी यांचा सुमारे १०० मिलिमीटरचा थर. त्यावर नळ्या, मग चुन्याचाच कोबा, आणि शेवटी मूळ लाद्या चुन्याच्या मसाल्यात. फोम-काचेच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी केशाकर्षणाने वर चढत नाही. वाफ मात्र ये-जा करू शकते.

आता जाहिरातीतला संच या थरांशेजारी ठेवून पाहा. त्यात बहुधा उंचवटे असलेले पॉलिस्टायरिनचे पत्रे असतात. ते वाफ जवळजवळ अडवतात, म्हणजे मागच्या दाराने रेनकोट परत आला. लाकडी फरशीसाठीचे ॲल्युमिनियमचे उष्णता-पसरवणारे पत्रे असतील तर ते कोरड्या लाकडी तक्तपोशीत उत्तम, पण ओल्या चुन्यात किंवा सिमेंटमध्ये नकोत. चुन्याचा अल्कली ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पातळ ओतायचा जिप्सम-आधारित कोबा नव्या इमारतीत सोयीचा असतो, पण खालून ओल येणाऱ्या जुन्या जमिनीत तो मऊ पडतो. ‘पूर्ण संच’ म्हणून घेतलेल्या मालातला अर्धा भाग असा पहिल्याच दिवशी बाजूला जातो. पूर्ण संचाची किंमत मनात धरू नका. वापरता येईल तेवढ्याच मालाची धरा.

हवा कोरडी होते त्याचं काय

समजा बंद दालनात १० अंशांची हवा ८० टक्के आर्द्रतेवर आहे. पाणी न मिसळता ती २० अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता साधारण ४२ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं, पण पाणी सामावून घेण्याची हवेची ताकद जवळजवळ दुप्पट झाली, म्हणजे तिला तहान लागली. ती तहान लाकूड भागवतं: कोरीव पडदे, ऑर्गन, रंगवलेली छतं, पुस्तकांच्या पाठी. ओकची २०० मिलिमीटर रुंद फळी ४ टक्के ओलावा गमावते तेव्हा कापाच्या दिशेनुसार दीड ते तीन मिलिमीटर आकसते. रंगाचा थर मात्र आकसत नाही, तो सुटतो.

युरोपीय मानक ईएन १५७५७ इथे शहाणपणाची वाट दाखवतं. सगळ्या इमारतींना एकच ‘आदर्श’ आर्द्रता लावण्याऐवजी त्या इमारतीची निदान वर्षभराची नोंद घ्यायची, ३० दिवसांची सरासरी काढायची आणि वस्तूंना ज्या चढ-उतारांची सवय झाली आहे त्यांच्या पट्ट्यात राहायचं. प्रार्थनास्थळांच्या हीटिंगसाठी ईएन १५७५९-१ वेगळं आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की दालन २० अंशांवर नेण्याऐवजी १२ ते १४ अंशांवर कायम ठेवणं अनेकदा पुरेसं ठरतं, आणि बसणाऱ्यांना पायाखालची ऊब जाणवतेच. मग नळीही कमी लागते.

मीटरांची बेरीज फसवते

शिल्लक मालाची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. नळ्यांमधलं अंतर २०० मिलिमीटर असेल तर एका चौरस मीटरला ५ मीटर नळी लागते, १५० असेल तर सुमारे ६.७ मीटर, १०० असेल तर १० मीटर. १६ मिलिमीटर नळीचं एक सर्किट १०० मीटरच्या आसपास ठेवतात. त्यापुढे पाण्याला घर्षण जास्त होतं आणि पंपावर ताण येतो.

६ गुणिले साडेचार मीटरचं दालन घ्या. क्षेत्रफळ २७ चौरस मीटर. त्यातले ३ चौरस मीटर दगडी चौथऱ्याने अडलेले, उरले २४. अंतर १५० मिलिमीटर, म्हणजे १६० मीटर नळी. मॅनिफोल्ड दालनाबाहेर, जाऊन-येऊन १२ मीटर. दोन सर्किटं केली तर प्रत्येकी ८० अधिक १२, म्हणजे ९२ मीटर. एकूण १८४.

आता तुमच्यासमोर ४० मीटरचे पाच तुकडे आले. बेरीज २०० मीटर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. पण प्रत्येक तुकड्यातले १२ मीटर जाण्या-येण्यातच संपतात. उरतात २८, आणि १५० मिलिमीटर अंतराने त्यांत ४.२ चौरस मीटर होतात. पाच तुकड्यांत २१ चौरस मीटर. तीन चौरस मीटर उघडे पडले, शिवाय दोनऐवजी पाच जागांचं मॅनिफोल्ड लागलं. शर्टाला लागणारं कापड मीटरवर मोजून पुरतं, पण ते चिंध्यांत मिळालं तर शर्ट होत नाही, तसंच हे.

उलट ८८ आणि ११० मीटरच्या दोन गुंडाळ्या मिळाल्या तर काम होतं. ‘९२ हवी होती, ८८ आहे’ म्हणून पहिली नाकारायचं कारण नाही. दोन सर्किटांमधली सीमा सरकवायची: एकात ७६ अधिक १२, दुसऱ्यात ८४ अधिक १२. लांबी असमान झाली तरी मॅनिफोल्डवरच्या प्रवाहमापकाने दोन्ही जुळवता येतात. साधारण १२ चौरस मीटरच्या सर्किटने चौरस मीटरमागे ६० वॉट द्यायचे असतील आणि पाणी ५ अंश थंड होऊन परतणार असेल, तर मिनिटाला सुमारे २ लिटर प्रवाह लागतो. बहुतेक मापकांवर हा आकडा आरामात बसतो.

मात्र एकाच मॅनिफोल्डवर १६ आणि २० मिलिमीटरच्या नळ्या मिसळण्याचा मोह टाळावा. जमतं, पण प्रवाह जुळवणारा वैतागतो आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक नवा प्लंबर चकतो.

नळी हातात घेऊन काय पाहायचं

पहिलं, अंगावरची छापील ओळ. दर मीटरला ती पुन्हा येते. तिच्यात पदार्थ, बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी, मानक, दाब-तापमानाचा वर्ग, बॅच किंवा तारीख आणि बहुधा मीटरची खूण असते. पीई-एक्स म्हणजे रेणूंची जाळी बांधलेलं पॉलिथिलीन, त्याचं मानक आयएसओ १५८७५. पीई-आरटी म्हणजे जास्त तापमान सोसणारं पॉलिथिलीन, त्याचं आयएसओ २२३९१. मधे ॲल्युमिनियमचा थर असलेल्या बहुपदरी नळीचं आयएसओ २१००३. छापील ओळ पुसट किंवा गायब असेल तर पुढे पाहायची गरज नाही.

दुसरं, ऑक्सिजन-रोधक थर. प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो आणि बॉयलर, पंप, जुने रेडिएटर यांतलं लोखंड गंजवतो. काळा गाळ तयार होतो, व्हॉल्व्ह अडकतात. म्हणून हीटिंगच्या नळीत ईव्हीओएच नावाच्या पदार्थाचा पातळ थर असतो आणि अंगावर डीआयएन ४७२६ चा उल्लेख असतो. पिण्याच्या पाण्याची पीई-एक्स नळी दिसायला अगदी जुळी बहीण, पण तिच्यात हा थर नसतोच. शिल्लक मालात ती हीटिंगची म्हणून सर्रास विकली जाते, अनेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरं, ऊन. पॉलिथिलीनला सूर्यप्रकाश सहन होत नाही. उघड्यावर ठेवलेली गुंडाळी बाहेरून फिकी आणि खडूसारखी होते, पण नुकसान डोळ्याला दिसण्याआधीच सुरू झालेलं असतं. गुंडाळीचा बाहेरचा आणि आतला पदर शेजारी धरून रंग पाहा. फरक दिसला तर ती नको. बाहेरच्या टोकाची पातळ चकती कापून चिमटीत चपटी करा. पांढरी रेघ किंवा चीर आली तर निकाल लागला. ती आली नाही तर नळी निर्दोष ठरते असं मात्र नाही, ही चाचणी फक्त नापास करायला उपयोगी आहे.

चौथं, मुडपणं. मुडपलेल्या जागी भिंत कमकुवत होते आणि ईव्हीओएचचा थर फाटतो. काही पीई-एक्स नळ्या गरम हवेने पूर्ववत होतात हे खरं, पण ऐतिहासिक लाद्यांखाली असली दुरुस्ती गाडू नये. मुडप मधोमध असेल तर एका गुंडाळीच्या दोन लहान गुंडाळ्या झाल्या असं धरून हिशेब करा.

पाचवं, भिंतीची जाडी आणि तिचे फिटिंग. १६ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या १.८, २.० आणि २.२ मिलिमीटर जाडीत येतात. बाहेरून तिन्ही एकसारख्या, आतला व्यास वेगळा. मॅनिफोल्डच्या फिटिंगचं बोंड आतल्या व्यासात बसतं. सैल बसलं तर गळेल, जबरदस्तीने घातलं तर नळीचं तोंड फाटेल. फिटिंग नळीच्याच निर्मात्याचे किंवा त्याने लेखी मान्य केलेले हवेत. ते फार महाग नसतात, नवेच घ्यावेत.

मॅनिफोल्ड, पंप आणि बारीकसारीक

आठ जागांचं मॅनिफोल्ड स्वस्तात मिळालं आणि गरज पाचची असली तर खुशाल घ्या. उरलेल्या तीन जागा टोपणांनी बंद होतात. नळी जोडण्याची पाऊण इंची ‘युरोकोन’ ही रचना बरीच सर्वत्र सापडते. रबरी रिंगा मात्र वर्षानुवर्षं पडून कडक होतात, त्या सगळ्या बदलाव्यात.

प्रत्येक सर्किट उघड-बंद करणारी छोटी मोटर, म्हणजे ॲक्चुएटर, हा गोंधळाचा खास विषय. आटे बहुधा एम३० गुणिले १.५ चे असतात आणि लोक तेवढं पाहून घेतात. आटे जुळले तरी आतली पिन किती दाबली जाते हे माप निर्मात्यागणिक बदलतं. ते चुकलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि एक खोली कायम तापत राहते. शिवाय काही २३० व्होल्टचे, काही २४ व्होल्टचे. मॅनिफोल्ड आणि ॲक्चुएटर एकाच घराण्यातले घेतले की ही डोकेदुखी संपते.

दोन-तीन वर्षं खोक्यात पडलेला पंप सुरुवातीला अडकलेला असू शकतो. विकत घेण्याआधी चालवून दाखवायला सांगा. मिश्रण-व्हॉल्व्हची कमाल मर्यादा किती अंशांवर येते तेही पाहा. रेडिएटरसाठी बनलेला व्हॉल्व्ह ६० अंशांचं पाणी फरशीत सोडू शकतो.

विजेची चटई सोपी नाही का?

बसवायला सोपी, जाडी कमी, आणि लहान जागेत खरंच उपयोगी. पण शिल्लक मालात ती नळीपेक्षाही अवघड, कारण तापतार कापून लहान करता येत नाही. लांबी बदलली की रोध बदलतो आणि तार जास्त तापते. चटईची जाळी कापून वळवता येते, तार नाही. म्हणजे तुमच्या जागेला तंतोतंत बसणारं माप मिळालं तरच घ्यायची.

तपासणी मात्र सरळ आहे. रोध म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टवर ३०० वॉटच्या चटईचा रोध सुमारे १७६ ओहम यायला हवा. मल्टिमीटरचा आकडा लेबलवरच्या आकड्याशी पडताळायचा. उणे ५ ते अधिक १० टक्के इतका फरक साधारणपणे मान्य असतो. त्यानंतर इन्सुलेशनची चाचणी मेगरने, म्हणजे विजेचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने: विकत घेताना, अंथरल्यावर आणि झाकल्यावर, तिन्ही वेळा. फरशीतला तापमान-सेन्सर थर्मोस्टॅटच्याच जोडीचा हवा. १० किलोओहमचा सेन्सर १२ किलोओहमच्या थर्मोस्टॅटला जोडला तर तो चुकीचं तापमान सांगतो, आणि ती चूक फरशीवर उमटते. सेन्सर नेहमी रिकाम्या नळकांड्यातून घालावा, म्हणजे बिघडला तर लादी न उचलता ओढून बदलता येतो. आणि ३० मिलिॲम्पिअरचं गळती-संरक्षण हवंच.

‘आत एक जोड दिला तर काय बिघडतं?’

हा प्रश्न नेहमी येतो, कारण तुकडे जोडून बेरीज पूर्ण करता येते. दाबून बसवलेले जोड चांगले असतात आणि नव्या घरात अपघाताने फुटलेली नळी त्यांनीच दुरुस्त होते. पण तो नाइलाज आहे. आराखड्यातच जोड धरणं वेगळं. चुन्याच्या ओलसर, अल्कलीयुक्त थरात पितळी जोड वर्षानुवर्षं राहणार, त्यावर अडीच-तीनशे किलोची लादी बसणार, आणि गळती सुरू झाली तर ती आधी चुना धुऊन नेणार, मग दिसणार. मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत अखंड नळी, याला पर्याय नाही.

‘दगड इतका जाड, उष्णता वर येईल का?’

येते, आणि अपेक्षेपेक्षा बरी येते. ७५ मिलिमीटर जाडीचा चुनखडी दगड उष्णतेला जेवढा अडथळा करतो, त्याच्या सुमारे अडीच-तीनपट अडथळा २२ मिलिमीटरची ओकची फळी करते. फळी स्वतःच मानकाने घालून दिलेल्या मर्यादेच्या जवळ पोचते. वर जाड गालिचा अंथरला तर मर्यादा ओलांडलीच म्हणून समजा.

दगडाचा खरा प्रश्न वेळेचा. ६५ मिलिमीटरचा कोबा १० अंशांनी तापवायला चौरस मीटरमागे सुमारे ०.३६ किलोवॉट-तास लागतात. १०० वॉटच्या दराने, एक कणही उष्णता वाया न जाता, साडेतीन तास. वर ७५ मिलिमीटर दगड आणि खाली चुन्याचा थर धरला तर दिवस उलटतो. त्यामुळे आठवड्यातून दोन तास उघडणाऱ्या वास्तूसाठी ही पद्धत मुळात चुकीची आहे. तिथे बाकांखालचे छोटे हीटर किंवा तापणाऱ्या गाद्या परवडतात. स्वस्त नळी मिळाली हे हीटिंगची पद्धत ठरवण्याचं कारण होऊ शकत नाही.

मग विकत कधी घ्यायचं?

विकणाऱ्याला घाई असते आणि वारसा-परवानगीला ती कधीच नसते. दोघांच्या मधे तुमचे पैसे अडकतात. इंग्लंडमधल्या बाथ ॲबीचं उदाहरण बोलकं आहे. तिथल्या फरशीत ८९१ स्मृतिशिला आणि खाली हजारो दफनं. शतकानुशतकं माती खचून लाद्यांखाली पोकळ्या झाल्या होत्या. आधी त्या भरून जमीन स्थिर करावी लागली आणि त्याच कामात अंडरफ्लोअर हीटिंग बसवलं. त्यासाठी शेजारच्या रोमन स्नानगृहांतून वाहून जाणाऱ्या गरम झऱ्याच्या पाण्यातली उष्णता वापरली. अशा ठिकाणी खोदल्याशिवाय फरशीची जाडी, सर्किटांच्या सीमा, काहीच ठरत नाही. खड्डे घेऊन तपासणी व्हायच्या आधी नळी घेतली असती तर ती कुठल्या आकड्यावर?

म्हणून आधी उष्णतेचा हिशेब आणि वर्षभराची आर्द्रतेची नोंद. मग तपासणी-खड्डे, पुरातत्त्व आणि क्षार. मग आराखडा आणि परवानगी. परवानगीच्या अर्जात उत्पादनाचं नाव न घालता गुणधर्म लिहावेत: व्यास, जाडी, मानक, ऑक्सिजन-रोध, कमाल लांबी. म्हणजे त्या चौकटीत बसणारा कुठलाही शिल्लक माल घेता येतो आणि अर्ज पुन्हा करावा लागत नाही. वारसा-जतनासाठी ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी १९७९ मध्ये स्वीकारलेल्या ‘बुरा सनदे’चं तत्त्व, लागेल तेवढाच आणि शक्य तितका कमी बदल, हीच अर्जाची भाषा असावी.

वॉरंटीबद्दल भ्रम नको. निर्मात्याची हमी बहुधा मूळ खरेदीदाराला, त्याच निर्मात्याच्या पूर्ण प्रणालीला आणि नोंदणीकृत कारागिराच्या हातच्या कामाला असते. शिल्लक माल यातल्या निदान एका अटीवर पडतो. निर्मात्याला बॅच क्रमांक कळवून लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर तो धोका किमतीत धरा, आणि विमा कंपनीलाही आधीच सांगा.

बसवताना नवी जमीन आणि खालचा जुना थर यांच्यामधे वेगळं करणारं कापड ठेवावं, म्हणजे उद्या सगळं उचलायचं ठरलं तर खालचं मूळ शाबूत राहील. लाद्या क्रमांक घालून, फोटो काढून उचलाव्यात. चुन्यात नळी अडकवायला प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा जाळी वापरावी, गंजणारी लोखंडी नको. वळणाची त्रिज्या व्यासाच्या पाचपट, म्हणजे १६ ला ८० मिलिमीटरपेक्षा कमी नाही. कोबा घालण्याआधी साधारण ६ बारची दाबचाचणी, आणि कोबा पडत असताना दाब तसाच ठेवायचा, म्हणजे कुणाचं फावडं लागलं तर काटा लगेच सांगतो. हिवाळ्यात बंद इमारतीत पाणी भरून ठेवलं तर ते गोठून नळी फुटू शकते. तिथे हवेने चाचणी करावी किंवा गोठणरोधक मिसळावं. चुना सिमेंटइतक्या घाईने घट्ट होत नाही. हीटिंग कधी सुरू करायचं ते मिश्रण बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावं, आणि ‘लवकर वाळावं’ म्हणून फरशी तापवू नये, भेगा पडतात.

सगळं झाकण्याआधी मोजपट्टी ठेवून वरून फोटो काढा आणि सर्किटांचा नकाशा मॅनिफोल्डच्या कपाटात लावा. कापून उरलेल्या नळीचा छापील ओळ असलेला दोन मीटरचा तुकडा आणि त्याच जातीची दोन फिटिंगं त्याच कपाटात, पिशवीत बांधून ठेवा. तीस वर्षांनी कुणी लादी उचलली तर त्याला पहिल्यांदा हेच शोधावं लागणार आहे.